मुलगी हा शब्द आला कुठून?

एक मुलगी, दोन मुली. एकवचनातला 'गी' अनेकवचनात गळून पडतो. मुलीला, मुलीचा, मुलीकडे यांतही तो नाही. 'मुलगीला' असं कोणी लिहिलं तर पुण्यातला कुठलाही मुद्रितशोधक त्यावर लाल रेघ ओढेल. मुलग्याचं तसं नाही. 'मुलाला' चालतं, 'मुलग्याला'ही चालतं, आणि अनेक झाले की 'मुलगे' होतात. मुलगी हे रूप मात्र प्रथमेच्या एकवचनापुरतंच आहे. बाकीचा सगळा कारभार 'मुली' या रूपावर चालतो. शंभरदा रोज तोंडात येणाऱ्या शब्दाचं हे वेडंवाकडं वागणं आपल्याला जाणवत नाही, पण व्युत्पत्ती शोधणाऱ्याला पहिला धागा इथंच सापडतो. 'गी' हा मागाहून लागलेला तुकडा आहे. पोरगा-पोरगी यांतला 'ग' तोच, गोव्याकडच्या भुरगो-भुरगें यांतलाही बहुधा तोच. तो काढला की उरतं 'मूल', आणि खरा वाद या मूलाचा आहे.

या वादातलं सर्वांत लोकप्रिय उत्तर सत्काराच्या भाषणांत ऐकू येतं: मूल म्हणजे वंशाचं मूळ, संस्कृत 'मूल'वरून. ऐकायला गोड आहे, पण मराठीच्या ध्वनिनियमांत ते बसत नाही. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा आलेला 'ल' प्राकृतातून मराठीत उतरताना 'ळ' होतो. फल-फळ, बाल-बाळ, जल-जळ, आणि खुद्द मूल-मूळ. मराठीत साधा 'ल' राहतो तो मागं जोड 'ल्ल' असेल तेव्हा. गल्लचा गाल झाला, फुल्लचं फूल झालं. एकाच जागी दोन्ही वाटा पाहायच्या असतील तर 'काल'कडे पाहावं: संस्कृत कालचा मराठीत काळ झाला, आणि आपला 'काल' आला तो 'कल्य', 'कल्ल' या वाटेनं. या हिशेबानं संस्कृत मूलनं आपला वाटा 'मूळ'च्या रूपानं केव्हाच उचललेला आहे. बाळासाठीचा 'मूल' हा शब्द दुसऱ्या घरचा असला पाहिजे, आणि त्या घरात 'ल्ल' असला पाहिजे. कोणी म्हणेल, तो तत्सम म्हणून सरळ उचलला असेल. मूलभूत, मूलद्रव्य हे शब्द तसे उचललेले आहेतच. पण चुलीपाशी आणि पाळण्यापाशी बोलायचा शब्द कोणी पोथीतून उचलत नाही. कानडीतल्या 'मोळे' म्हणजे कोंब या शब्दाकडेही बोट दाखवता येतं. मूल म्हणजे वंशाचा कोंब, अर्थ झकास जमतो. पण तिथंही 'ळ'च आहे, आणि अडचण जशीच्या तशी राहते.

हा ल-ळचा नियम मराठीच्या इतिहासात पक्का रुजवण्याचं मोठं श्रेय ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताकडे जातं. त्याचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ 1920 मध्ये निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजप्यांनी त्याचा 'मराठी भाषेचा विकास' हा अनुवाद 1941 मध्ये पुण्यातून दिला. त्याआधीच रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1877 च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून आजच्या भाषांपर्यंतची उतरंड दाखवून ठेवली होती. शब्दांच्या बाबतीत पुणं हे खरोखरच एक कोठार आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारे थॉमस कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. त्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात सात खंडांत इथूनच निघाला. विद्यापीठात मराठी शिकवणारे शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये आला. आणि डेक्कन कॉलेजातला संस्कृतचा महाकोश! 1948 मध्ये काम सुरू झालं, 1976 मध्ये पहिला खंड बाहेर पडला, तीसहून अधिक खंड झाले, तरी कोश अजून 'अ' या अक्षरातच आहे. 'कन्या' हा शब्द त्यात कधी येईल याचा अंदाज वाचकांनीच बांधावा. थट्टेचा भाग सोडा. ज्या कामात एकेका शब्दाचा प्रत्येक काळातला अर्थ ग्रंथ धुंडाळून लावतात, ते असंच चालतं.

मूलाइतकं 'पोर' अडवत नाही. संस्कृत 'पोत' म्हणजे पिल्लू. त्याला 'र' लागून, मधला 'त' झिजून पोर झाला, यावर बहुतेकांचं जमतं. या शब्दाची श्रीमंती व्याकरणात आहे. तो पोर, ती पोर, ते पोर: एकच रूप तिन्ही लिंगांत चालतं, आणि प्रत्येकाची चव वेगळी. 'गुणाची पोर' म्हटलं की आवाज मऊ होतो. 'पोरगी' म्हटलं की पेठांतली जुनी माणसं अजून किंचित भुवया उंचावतात, आणि सिंहगडाच्या पायथ्याशी त्याच शब्दात काहीही खटकण्यासारखं नसतं. विदर्भात पोट्टी, खानदेशात अहिराणीत लेकीला आंडेर आणि लेकाला आंडोर, मालवणीत चेडू. लेक हा शब्द मात्र सगळीकडे मान राखून आहे. तोही दोन्ही लिंगांत चालतो, पण पुल्लिंगात त्याची पार दशा झाली: 'लेका', 'लेकाचा' ही जवळजवळ शिवीच. स्त्रीलिंगात तो लेकीबाळी, लेकुरवाळी असा सोवळा राहिला. शब्दाच्या नशिबात मुलीनं मुलावर मात केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण म्हणायचं.

आता ग्रीकांकडे वळतो, कारण मुलीला काय म्हणायचं याचा सव्वातीन हजार वर्षांपासूनचा कागद त्यांच्याकडे आहे. कागद म्हणजे मातीच्या पाट्या. पायलोस आणि क्नोसोस इथल्या राजवाड्यांच्या हिशेबाच्या या पाट्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये उलगडली. त्यांत 'को-वा' म्हणजे मुली आणि 'को-वो' म्हणजे मुलगे असे शब्द येतात. कुठं येतात? दळणाऱ्या, सूत काढणाऱ्या, विणणाऱ्या बायकांच्या याद्यांत. इतक्या बायका, इतक्या को-वा, इतके को-वो, आणि त्यांना द्यायचे गहू आणि अंजीर. म्हणजे ग्रीक मुलगी इतिहासात प्रथम येते ती राजवाड्याच्या शिधापत्रिकेवर, कामकरणीची पोर म्हणून. पुढं मधला 'व' गळाला आणि बोलीनुसार कोरे, कूरे, कोरा अशी रूपं झाली. अथेन्सला 'कोरे' म्हणजे कुमारिका, आणि तेच पाताळात नेलेल्या पर्सिफोनी देवीचं नावही. ज्या शब्दानं शिधा वाटला त्याच शब्दानं देवी पूजली गेली.

मग भाषेनं नेहमीचं काम केलं: वापरून झिजलेल्या शब्दाला लाडाचा प्रत्यय लावला. त्यातून आलेलं 'कोरासिओन' हे रूप शुभवर्तमानात आहे, मार्कच्या पाचव्या अध्यायात, येशू बारा वर्षांच्या मेलेल्या मुलीला उठवतो त्या प्रसंगी. दुसऱ्या शतकातला फ्रुनिखोस हा व्याकरणकार या शब्दावर तुटून पडला. शुद्ध ग्रीकात असं म्हणत नाहीत, अमुक म्हणतात आणि तमुक म्हणतात, असं त्यानं ठणकावलं. हा गृहस्थ आपल्याकडे जन्मता तर सदाशिव पेठेतच राहता. लोकांनी त्याचं ऐकलं नाही. आजच्या ग्रीकमध्ये मुलगी म्हणजे 'कोरित्सी', पुन्हा एक लाडाचा प्रत्यय, बहुधा स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेला. जुना 'कोरे' बाजूला सरकून 'कोणाची तरी लेक' एवढ्याच अर्थाला उरला. आपण लेक आणि मुलगी यांची वाटणी अशी पुरी केलेलीच नाही. 'माझी मुलगी' म्हटलं की लेक, 'एक मुलगी' म्हटलं की कोणीही.

याच ग्रीकचं मराठीशी नातं जुळवण्याचं काम पुण्याहून फार दूर नाही, दौंड तालुक्यातल्या केडगावला झालं. पंडिता रमाबाईंनी 1890 मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं, पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. त्या 1922 मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं, तेही मुक्तीच्याच छापखान्यातून, जिथं दुष्काळातून आणलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या होत्या. कोरासिओनचं मराठी करायला जगात याहून योग्य जागा सापडली नसती.

ग्रीकमध्ये तरुणीसाठी आणखी एक शब्द आहे, 'कोपेला'. आज तो अगदी सभ्य आहे. त्याच घराण्यातला 'कोपिल' रुमानियनमध्ये मूल, आणि अल्बानियन, सर्बियन, बल्गेरियन या शेजारणींत अनौरस मूल. मध्ययुगात या शब्दांना चाकराचा अर्थही होता. चाकर, अनौरस, पोर, मुलगी, अशा पायऱ्या चढत तो वर आला.

इथं कोकणातल्या माणसाला 'चेडू' आठवायला हवं. संस्कृत नाटकांतला 'चेट' म्हणजे नोकर आणि 'चेटी' म्हणजे दासी. प्राकृतात 'चेड' म्हणजे पोर झालं. कोकणीत चेडो म्हणजे मुलगा, चेडूं म्हणजे मुलगी, मालवणीत चेडू. ज्या शब्दानं रंगमंचावर मालकाचे पाय चेपले तो आज घरच्या लाडक्या लेकीचा शब्द आहे. पण जुना डाग सगळा पुसला गेला नाही: कोकणीत याच शब्दाचं जवळचं एक रूप शिवी म्हणून वापरतात, आणि कोकणच्या भुतांच्या यादीत 'चेडा' आहे. उलट दिशेची वाहतूकही चालू असते. अमृततुल्यातला पोऱ्या, ऑफिसातला छोकरा, हे पोराचे चाकर झालेले. लेकीबाबतही असाच मोह पडतो. कर्नाटकातल्या होयसळांच्या काळात राजासाठी जीव देण्याची शपथ घेतलेल्या सेवकाला 'लेंक' म्हणत, आणि ज्ञानेश्वरीत लेकरू अनुस्वारासकट 'लेंकरूं' असं येतं. दोघांना जोडून टाकावंसं वाटतं. माझं मत असं, की अनुस्वाराच्या एका टिंबावर एवढा पूल बांधू नये. पण शेजारच्या चेडूकडे पाहता ही शक्यता हसण्यावारीही नेता येत नाही.

चेडूची दुसरी गंमत लिंगाची. मालवणीत 'ता चेडू इला' म्हणतात, गोव्यात 'तें चेडूं आयलें'. तिथं मुलगी 'ती' नसते, 'तें' असते, आणि हे अवहेलनेनं नव्हे. घरातल्या धाकट्या मुलींबद्दल असंच बोलायची रीत आहे. ग्रीक कोरित्सी नपुंसकलिंगी, शुभवर्तमानातलं कोरासिओन नपुंसकलिंगी, जर्मन 'मेडशन' नपुंसकलिंगी. ग्रीक आणि जर्मनमध्ये कारण सरळ आहे: लाडाचे प्रत्यय नपुंसकलिंगी, म्हणून शब्दही तसा. कोकणात मात्र प्रत्ययाच्या पुढं जाऊन सर्वनामं आणि क्रियापदंही मुलीला 'तें' म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्रातही हा ओघ आहेच: 'गुणी लेकरू', 'कसं गोड पोरगं आहे', 'कार्टं ऐकत नाही'. हल्ली पुण्यात आईबाप मुलीला 'काय करतोस बाळा' असं पुल्लिंगातच विचारतात. यामागं मुलगा-मुलगी समान असल्याचा अभिमान असतो, पण समानता दाखवायला मुलीनंच का लिंग बदलायचं, हे मला कळत नाही.

संस्कृतातल्या दोन थोर शब्दांची तऱ्हा पाहू. 'दुहिता' हा ग्रीक 'थुगातेर', फारसी 'दुख्तर' आणि इंग्रजी 'डॉटर' यांचा सख्खा भाऊबंद. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कानं निरुक्तात त्याच्या तीन फोडी दिल्या. एकीप्रमाणे ती वाईट ठिकाणी पडलेली, दुसरीप्रमाणे ती दूर असली तर हिताची, तिसरीप्रमाणे दूध काढणारी. पहिल्या दोन फोडी भाषाशास्त्र म्हणून टाकाऊ आहेत, पण मुलीबद्दल त्या काळच्या घरात काय बोललं जात होतं याची ती अस्सल साक्ष आहे. 'कन्या'बद्दलही यास्काचं असंच: हवीहवीशी ती कन्या, किंवा हिला आता कुठं न्यायचं असा प्रश्न पाडते ती कन्या. खरं पाहता कन्या ही 'कनीन', 'कनिष्ठ' यांच्या कुळातली. अर्थ लहान, कोवळी. दुहितेचं प्राकृतात धूआ झालं आणि कोकणीत ते आजही 'धूव' म्हणून नांदतं. देशावर ते विस्मरणात गेलं. म्हणजे होमरच्या ग्रीकशी रक्ताचं नातं सांगणारा मुलीचा शब्द पुण्यात सापडत नाही, गोव्यातल्या काणकोणात सापडतो.

कन्येच्या कुळात एक अप्रतिम गोष्ट लपली आहे. संस्कृतात 'कनीनका' म्हणजे मुलगीही आणि डोळ्यातली बाहुलीही. ग्रीकमध्ये कोरे म्हणजे मुलगी आणि डोळ्यातली बाहुलीही. लॅटिन 'पुपिला'चं तेच. आणि आपण मराठीत तिला बाहुलीच म्हणतो. कोणी कोणाकडून घेतलं हा प्रश्नच उद्भवत नाही. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की काळ्या वर्तुळात आपलंच एवढंसं प्रतिबिंब दिसतं. चार भाषांतल्या माणसांनी ते पाहिलं आणि चौघांनी त्याला चिमुकली मुलगी किंवा बाहुली म्हटलं.

धर्मशास्त्रानं कन्येला वयाची चौकट घातली. आठव्या वर्षी गौरी, नवव्या वर्षी रोहिणी, दहाव्या वर्षी कन्या, त्यापुढं रजस्वला. पां. वा. काण्यांच्या भांडारकर संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ही सगळी चर्चा मिळते. 1891 मध्ये कायद्यानं संमतिवय 10 वरून 12 वर आणताना पुण्यात जो गदारोळ झाला, तो एका अर्थी या शब्दांच्या वयाचाच वाद होता. शाळांची नावं पाहिली तरी शब्दांचं हे सरकणं दिसतं. 1848 मध्ये भिडेवाड्यात फुल्यांनी काढली ती मुलींची शाळा. 1884 मध्ये सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कुलाचं भारदस्त नाव लोकांनी बाजूला ठेवलं आणि जागेवरून त्याला 'हुजूरपागा' करून टाकलं. 1896 मध्ये महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या संस्थेचं नाव 'अनाथ बालिकाश्रम' होतं, आणि त्यांतल्या काही 'बालिका' चांगल्या मोठ्या होत्या. पुढं कर्व्यांच्याच कामात 'महिला' हा शब्द पुढं आला, 1916 चं विद्यापीठ महिलांचं झालं. मुलगी मात्र कुठल्याच वयात अडकली नाही. चाळिशीतल्या बायकांचा गट सहलीला निघाला तरी 'आम्ही मुली मुली चाललो' असंच म्हणतो.

सरकारी योजनांची भाषाही तपासण्यासारखी आहे. केंद्राची 2015 ची सुकन्या, राज्याची 'माझी कन्या भाग्यश्री', आणि 2023 मध्ये 'लेक लाडकी'. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्यानं 1 लाख 1 हजार रुपये देणाऱ्या या योजनेला कन्या नको झाली, लेक हवी झाली. ज्यानं हे नाव सुचवलं त्याला मराठी कानाची पारख आहे. कन्येला दान करतात, लेकीला माहेर असतं. दुसरीकडे याच राज्यात मुलीला 'नकुशा' असं नाव ठेवायची चाल होती, आणि 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलावी लागली. मुलीचा शब्द किती वर चढला याचा हिशेब मांडताना ही यादीही शेजारी ठेवावी लागते.

एवढ्या आढाव्यानंतर निकाल काय? मूल म्हणजे मूळ ही व्युत्पत्ती भाषणांतून आणि वर्गांतून काढून टाकावी. ध्वनिनियमापुढं ती टिकत नाही. पोर आणि चेडू यांच्या वाटा पुरेशा स्पष्ट आहेत. 'मुलगी' या शब्दासाठी 'ल्ल' असलेला पूर्वज शोधायचा तर तो पोथ्यांपेक्षा बोलींत आणि कानडी-तेलुगूच्या सीमेवर शोधणं शहाणपणाचं. भाषाशास्त्रज्ञ घाटग्यांनी 1960 च्या दशकात कुडाळीसारख्या बोलींची वर्णनं तयार केली. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे गावोगाव फिरून बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात नात्यांचे शब्दही टिपले आहेत. पण सर्वेक्षणाचा माणूस प्रत्येक घरी पोचत नाही. तुमच्या आजीच्या तोंडी मुलीसाठी जो शब्द असेल तो लिहून ठेवा. गाव आणि तालुका लिहा. लग्नाआधी म्हणतात की नंतरही, 'ती' म्हणतात की 'ते', रागात म्हणतात की लाडात, हेही लिहा. आणि आजी आहे तोवर विचारा.